सहा महिन्यांचा शेजार

उभ्या आयुष्यात काशी, पंढरपूर आणि तिरुपती यांपलीकडे ज्याची मजल गेली नाही, अशा आखाडा बाळापूरच्या शाळामास्तरास परदेशी जाऊन राहण्याचा योग आपल्या पत्रिकेत आहे असे वाटण्याचे काहीच कारण नव्हते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यापलीकडे जे पदरात पडले, ते तीर्थरूपांनी पहाटे समोर बसवून घोकून घेतलेले संस्कृत. एवढ्या भांडवलावर पस्तीस वर्षे मुलांना शिकवून मी निवृत्त झालो, आणि मग चिरंजीवांच्या नोकरीने आम्हां उभयतांस दोन वेळा अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात नेले. पहिली खेप २०१७ साली झाली व दुसरी २०२४ साली. दोन्ही वेळा मुक्काम सहा महिन्यांचा, कारण पाहुण्यांस तेथील सरकार बहुधा तेवढीच मुदत देते. तेथील उंच इमारती व रुंद रस्ते यांचे वर्णन वाचकांनी पुष्कळ वाचले असेल. त्यात मी भर घालीत नाही. मला सांगावयाचे आहे ते शेजाऱ्यांविषयी.

पहिल्या खेपेस चिरंजीवांचे बिऱ्हाड एडिसन या गावी होते. तेथे आपल्या लोकांची एवढी वस्ती आहे की ओक ट्री रोडवर भाजी घेताना आपण देश सोडून आलो आहोत याचा विसर पडावा. मेथी मिळते, पंचांग मिळते, देवळे आहेत, सकाळी फिरावयास निघालेल्या सेवानिवृत्तांची एक बैठकच असते, आणि त्या बैठकीत गुडघे, सुना व सातबारा हे तीन विषय नित्य चर्चिले जातात. सहा महिने मोठ्या सुखात गेले. परत आल्यावर शाळेने माझे ‘अमेरिकेतील लोकजीवन’ या विषयावर व्याख्यान ठरविले आणि मी पाऊण तास बोललो. बोलून खाली बसलो तेव्हा ध्यानात आले की, विमानतळावरचा अधिकारी आणि दात काढणारा डॉक्टर यांवाचून एकाही अमेरिकन माणसाशी मी चार वाक्ये बोललेलो नाही. टाळ्या मात्र चांगल्या पडल्या.

दुसऱ्या खेपेपर्यंत चिरंजीवांनी सॉमरव्हिलच्या बाजूस एका लहान गावी घर घेतले होते. त्या गल्लीत आपल्यापैकी कोणी नव्हते. मुलगा व सूनबाई कामावर, नातू शाळेत, आणि आम्ही दोघे काचेच्या खिडकीशी बसून जानेवारीतले करडे आभाळ पाहत असू. उजव्या हाताच्या घरात एक शहात्तर वर्षांचे गृहस्थ एकटेच राहत. तीस वर्षे त्यांनी शाळेची बस चालविली होती. त्यांचे नाव येथे देत नाही, कारण ते त्यांस आवडणार नाही. नातू त्यांना ‘बसवाले आजोबा’ म्हणे, आणि आमच्याही तोंडी तेच नाव बसले.

पहिल्या दिवशी ते पत्रपेटीपाशी भेटले व त्यांनी ‘हाऊ आर यू’ म्हणून विचारले. परक्या मुलखात कोणी आपली प्रकृती विचारतो आहे हे पाहून मला गहिवर आला, आणि मी उजवा गुडघा, त्यावरील नांदेडच्या वैद्यांचे उपचार व विमानातील जागरण यांची साद्यंत हकीकत माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीत सांगितली. ते बिचारे थंडीत ऐकत उभे राहिले. संध्याकाळी मुलाने समजाविले की, ते विचारणे म्हणजे आपल्या ‘राम राम’सारखे, रामाविषयी कोणी बोलू लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी ‘फाइन, फाइन’ म्हणू लागलो आणि आमचे संभाषण तेथेच संपू लागले.

फेब्रुवारीत बर्फ पडले. आपल्या दारापुढची पायवाट ज्याची त्याने मोकळी करावी असा तेथे नियम आहे. मुलगा पहाटेच गेलेला. मी बागेतील कुदळ घेऊन बाहेर आलो. बसवाले आजोबा त्यांचे रुंद पात्याचे फावडे घेऊन आले व ‘मदत करू का?’ म्हणाले. मी म्हणालो, ‘नको, नको, आभारी आहे.’ त्यांनी मान हलविली आणि ते निघून गेले. मी पाहतच राहिलो. आपल्याकडे ‘नको’ हे केवळ मंगलाचरण असते. पहिला ‘नको’ सभ्यतेचा, दुसरा संकोचाचा, तिसऱ्या आग्रहाला मनुष्य पाटावर बसतो. जेवणाच्या पंगतीत ज्याने पहिल्या ‘नको’वर वाढप्यास पुढे जाऊ दिले तो यजमान कसला? परंतु त्या देशात ‘नको’ म्हणजे नको. तो मानणे हीच त्यांची सभ्यता. मी दुसऱ्या आग्रहाची वाट पाहत होतो आणि ते माझ्या शब्दाचा मान राखीत होते. दोघेही आपापल्या परीने सुसंस्कृत वागलो आणि दीड महिना एकमेकांशी बोललो नाही. यात भाषेचा दोष म्हणावा तर शब्द दोघांसही समजला होता.

आमच्या कुटुंबाला या अडचणी कधी पडल्याच नाहीत. तिला इंग्रजी मुळीच येत नाही, त्यामुळे चुकण्याची भीतीही नाही. कुंपणापलीकडे ते दिसले की ती खुशाल मराठीत बोले, ‘अहो, आज ऊन बरं पडलंय की,’ आणि तेही इंग्रजीत काही सांगत व हात उंचावत. मी तिला हसत असे. माझ्या या हसण्याला फारसा आधार नव्हता हे पुढे कळावयाचे होते.

मार्चच्या २० तारखेस रात्री, म्हणजे आपल्याकडे २१ मार्च २०२४ च्या सकाळी, गावाहून पुतण्याचा फोन आला की, पहाटे सहाच्या सुमारास दोन मोठे धक्के बसले, पहिला ४.५ तीव्रतेचा होता, आणि केंद्र आपल्या बाळापूरच्याच परिसरात, जांब गावाकडे सांगतात. माणसे सुखरूप होती. कळमनुरी, वसमत, औंढा या तालुक्यांत जमिनीतून येणारे गूढ आवाज आणि लहानसहान हादरे हे आम्हांस काही वर्षांपासून नवे राहिलेले नाहीत. तथापि दूर असताना घराची काळजी अधिक वाटते. दोन रात्री झोप लागली नाही. आमच्या माळवदाच्या घराची उत्तरेकडची भिंत आधीच पोट काढून उभी आहे.

नंतर पंधरा दिवसांनी, ५ एप्रिलला, शुक्रवारी सकाळी १० वाजून २३ मिनिटांनी न्यू जर्सीची जमीन हादरली. तीव्रता ४.८, आणि केंद्र आमच्यापासून फार दूर नव्हते. न्यूयॉर्कच्या परिसरात १८८४ नंतर एवढा मोठा भूकंप झाला नव्हता असे पुढे वर्तमानपत्रांत आले. जमिनीतून तो ओळखीचा घरघराट येताच मी ‘चल, बाहेर!’ म्हणून कुटुंबाचा हात धरला आणि आम्ही अनवाणी अंगणात आलो. लाकडी घर करकरत होते. बसवाले आजोबा त्यांच्या दाराच्या चौकटीस धरून उभे होते. त्यांस वाटले, तळघरातील पाणी तापविण्याचे यंत्रच फुटले. मी ओरडून सांगितले, ‘अर्थक्वेक! बाहेर या!’ ते आले. मोबाईलवर सरकारी इशारा आला तो धक्का होऊन गेल्यावर पुष्कळ वेळाने. शहात्तर वर्षांत त्यांनी पायांखालची जमीन हललेली अनुभवली नव्हती. त्यांचे हात कापत होते, आणि ते मला, काल-परवापर्यंत ‘फाइन, फाइन’ म्हणणाऱ्या परक्याला, विचारीत होते, ‘हे पुन्हा होईल का?’

आयुष्यात प्रथमच इंग्रजीत मला कोणी असा प्रश्न विचारला की ज्याचे उत्तर मला येत होते. मी म्हणालो, ‘होईल, परंतु लहान. आज रात्री पायांत घालण्याचे जोडे व विजेरी उशाशी ठेवा.’ ते म्हणाले, ‘आत या, कॉफी घेऊ.’ ओठांवर ‘नको’ आला होता. कुटुंबाने मागून कोपराने ढोसले.

त्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत त्यांच्या पायऱ्यांवर बसलो. सहाच्या सुमारास दुसरा, हलका धक्का बसला तेव्हा त्यांनी माझ्या दंडास धरले. मी त्यांस किल्लारीविषयी सांगत होतो: ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती विसर्जनाची रात्र, दगडमातीच्या जड भिंती, आणि झोपेत गेलेली हजारो माणसे. सांगता सांगता एक गोष्ट तोंडून निघून गेली, जी मी तीस वर्षांत घरात कोणास सांगितली नव्हती. शाळेतर्फे भाकरी व कपडे घेऊन आम्ही काही शिक्षक तिकडे गेलो होतो. आठ दिवस राहावयाचे होते. मी दुसऱ्याच दिवशी परतलो. मला ते पाहवले नाही. गावी आल्यावर ‘आता तिकडे माणसांची गरज उरली नाही’ असे सांगितले, आणि माझी त्याबद्दल प्रशंसाही झाली. तोडक्यामोडक्या भाषेत हे सांगणे सोपे गेले, कारण लपविण्यापुरते शब्दच जवळ नव्हते. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सांगितले की, २०२० च्या एप्रिलमध्ये, महामारीच्या दिवसांत, त्यांची पत्नी रुग्णालयात गेली. त्यांस आत जाऊ दिले नाही आणि ते बाहेर मोटारीत बसून राहिले. ‘मी काच फोडून आत जावयास हवे होते,’ असे ते म्हणाले. कुटुंबाला मी त्याचा अर्थ सांगितला नाही, तरी तिने पदराने डोळे पुसले. ती जेव्हा म्हणते की मला इंग्रजी येत नाही, तेव्हा आता मी तिच्यावर विश्वास ठेवीत नाही.

तीन दिवसांनी, ८ एप्रिलला, सोमवती अमावास्येस सूर्यग्रहण होते. आपल्याकडे ते दिसणार नव्हते, म्हणून तिकडील पंचांगाने त्याचा विधिनिषेध सांगितला नव्हता. परंतु ग्रहण जेथे दिसते तेथे पाळावे असे शास्त्र, आणि न्यू जर्सीत तर सूर्याचा सुमारे नऊ-दशांश भाग ग्रासला जाणार होता. मी सकाळपासून उपाशी राहिलो व जप धरला. दुपारी बसवाले आजोबा पुठ्ठ्याचे काळे चष्मे घेऊन हजर! सारी गल्ली रस्त्यावर खुर्च्या टाकून बसली होती. माझी मोठी पंचाईत झाली. अखेरीस एका हाती जपमाळ व दुसऱ्या हाती चष्मा धरून मीही खुर्चीवर बसलो. साडेतीनच्या आसपास ऊन पितळेच्या जुन्या ताटासारखे झाले आणि पक्षी गप्प झाले. स्पर्श, मध्य, मोक्ष ही नावे मी त्यांस शिकविली. शेवटच्याला ‘मोक्ष’ म्हणतात हे त्यांस फार आवडले. ग्रहण सुटल्यावर दान करावे असे मी म्हणालो तर ते हसून म्हणाले, ‘मग मला काय देता?’ मी त्यांस एक नारळ दिला. तो त्यांनी गॅरेजमध्ये हातोड्याने फोडला. पाणी सारे जमिनीवर गेले.

दुसऱ्याच दिवशी पाडवा. गुढीसाठी काठी नाही. चिरंजीवांनी दुकानातून पडद्याची दांडी आणली होती, ती कलशाच्या भाराने वाकू लागली. बसवाले आजोबांनी कुंपणावरून हा प्रकार पाहिला, घरात गेले, आणि आपल्या ओसरीवर ते राष्ट्रीय सणांना ध्वज लावीत तो खांब व भिंतीवर ठोकावयाची लोखंडी पकड घेऊन आले. स्वतः शिडीवर चढून ती पकड आमच्या खिडकीजवळ बसवून दिली. रेशमी खण, साखरेची गाठी, कडुनिंबाऐवजी गोड्या निंबाची डहाळी, आणि वर पालथा तांब्या! ‘भांडे उलटे का?’ असे त्यांनी विचारले. याचे उत्तर मी बाळापुरास कोणास विचारले नव्हते व मला कोणी विचारलेही नव्हते. संध्याकाळी गुढी उतरविताना ते पुन्हा आले. खांब परत नेला. पकड मात्र ‘पुढच्या वर्षासाठी असू द्या’ म्हणून तशीच ठेवली.

आता खाण्यापिण्याचे. एके दिवशी नातू धावत आत आला व म्हणाला, ‘आजी, बसवाले आजोबा पाय घेऊन आलेत!’ कुटुंबाच्या हातातील उलथणे खाली पडले. ‘पाय’ म्हणजे सफरचंदे भरून भाजलेली एक जाड पोळी, हे समजेपर्यंत घरात हाहाकार होता. समजल्यावर निराळी अडचण आली: आत अंडे आहे काय, चरबी आहे काय? आमच्या घरात हे दोन्ही चालत नाही, आणि या वयात सोडवतही नाही. मी विचारण्यास लाजलो आणि ‘पोट भरले आहे’ असे सांगण्याच्या बेतात होतो. कुटुंबाने सरळ ते ताट पुढे घेतले, दोन्ही हातांनी कपाळास लावले, आणि खुणांनी विचारले: अंडे? त्यांनी मान डोलावली. तिने नाही म्हणून मान हलविली, आणि लगेच त्यांस हातास धरून स्वयंपाकघरात नेले, परातीत पीठ काढले, लोणी पुढे ठेवले आणि ‘करा आता इथेच’ म्हणून सांगितले. त्या माणसाने आमच्या घरात, आमच्या लोण्यात, नवा पाय भाजला. दीड तास गेला. पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्राचे नावच मित्रसंप्राप्ति. त्यात मैत्रीची सहा लक्षणे सांगितली आहेत: देणे आणि घेणे, मनातले सांगणे आणि विचारणे, जेवणे आणि जेवू घालणे. हा श्लोक मी वर्षानुवर्षे मुलांकडून पाठ करून घेतला. परंतु मनाशी नेहमी असेच धरून चाललो की देणे, सांगणे, जेवू घालणे ही तीन आपली, आणि घेणे, विचारणे, जेवणे ही तीन दुसऱ्याची. शिक्षकाचा पेशा आणि वर ब्राह्मणाचे घर. दुसऱ्याचे घेतल्याने आपण उणे होतो, ही समजूत रक्तातच असते. सहांतील तीनच पाळणाऱ्याच्या वाट्याला विद्यार्थी पुष्कळ येतात, मित्र येत नाहीत.

कुटुंबाने एप्रिलात अंगणात मेथी, कोथिंबीर व टोमॅटो लावले. बसवाले आजोबा कुंपणावरून दोन्ही हात हलवून ‘मे! मे!’ म्हणत राहिले. ती मला म्हणाली, ‘बकरीसारखं काय करतायत ते?’ थोड्याच दिवसांत हिमकण पडून टोमॅटोची रोपे काळी पडली तेव्हा ‘मे’ चा अर्थ कळला. मेच्या मध्यावर त्यांनीच नवी रोपे आणून दिली.

जूनमध्ये मी त्यांस एक विनंती केली. स्वतःहून काही मागण्याची ही माझी पहिली वेळ. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या अस्थी ज्या ठिकाणी आहेत ते स्थळ पाहण्याची माझी फार दिवसांची इच्छा होती. ते न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीकाठी पोकिप्सी येथे आहे. चिरंजीवांस सवड नव्हती. तीस वर्षे बस चालविलेल्या माणसाला मी कसेबसे विचारले, आणि ‘सकाळी सातला निघू’ एवढेच उत्तर आले.

आनंदीबाईंचे चरित्र आपल्या घरांतून सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यातील एका बाजूकडे आपले लक्ष कमी जाते. गोपाळरावांनी १८७८ साली कोल्हापुराहून एका मिशनऱ्यास लिहिलेले पत्र अमेरिकेतील मासिकात छापले गेले, आणि दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईच्या हाती १८८० मध्ये तो अंक पडला. ही बाई न्यू जर्सीतील रोझेल गावची, साधी गृहिणी. तिने अनोळखी मुलीस पत्र लिहिले. तीन वर्षे पत्रे चालली. आनंदीबाई तिला मावशी म्हणू लागल्या. १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधील सेरामपूर येथे त्यांनी भर सभेत सांगितले की, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. आणि एप्रिलात जहाजावर चढल्या. जूनमध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर त्यांस उतरवून घ्यावयास मावशी उभी होती. रोझेलच्या घरी त्या उन्हाळ्यात अठरा वर्षांची ही मुलगी लुगड्यात वावरली, स्वतःचे अन्न खात राहिली. त्याच गावात त्याच वर्षी जानेवारीत एडिसनच्या पद्धतीने डोक्यावरून तारा नेऊन विजेचे दिवे लागले होते. कल्याणच्या मुलीने ते पाहिले असतील. ११ मार्च १८८६ रोजी त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या, वयाला बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी मावशीकडे पाठविण्यात आल्या, व तिने त्या पोकिप्सीस आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत, आपल्या माणसांत ठेवल्या.

स्मशानभूमी विस्तीर्ण आहे, मोठमोठी झाडे आहेत. कार्पेंटर घराण्याच्या दगडांत आनंदीबाईंचा दगड आहे. मी पाणी सोडले व दोन फुले ठेवली. बसवाले आजोबा टोपी काढून उभे होते. त्यांनी विचारले, ‘ही या कुटुंबाची कोण?’ मी म्हणालो, ‘भाची.’ दगडाकडे पाहत ते म्हणाले, ‘ब्राह्मण म्हणजे कुठले गाव?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यात परतीचा बराच रस्ता गेला, आणि माझे इंग्रजी त्यास पुरे पडले असे मी म्हणणार नाही.

त्याच रस्त्यावर, हडसनचा पूल मागे पडल्यावर, त्यांनी सहज विचारले, ‘तुमच्या गावी तुमच्या समोरच्या घरात कोण राहते?’

मी सांगू लागलो, आणि अडलो. आमच्या समोरच्या दोन खोल्यांत सात वर्षांपासून एक गवंडी भाड्याने राहतो. तेलंगणाकडचा. त्याची बायको पहाटे पाणी भरते, दोन मुले आहेत. त्यांतल्या थोरल्यास मी रस्त्यात चेंडू खेळण्यावरून दोनदा रागे भरलो आहे. मला एवढेच ठाऊक होते. त्याचे नाव मला येत नव्हते. त्याला सारे ‘मेस्त्री’ म्हणतात. गाव ठाऊक नव्हते. त्याच्या उंबऱ्याच्या आत मी कधी गेलो नव्हतो, आणि तो आमच्या ओसरीच्या पायरीपलीकडे कधी आला नव्हता. असे कोणी ठरविले नव्हते, कोणाचे भांडणही नव्हते. चहा द्यावयाचा झाल्यास कुटुंब तो पायरीशी देत असे. मी बसवाले आजोबांना ‘एक गवंडी राहतो’ असे सांगितले. ते म्हणाले, ‘नाव काय?’ मी खिडकीतून बाहेर पाहू लागलो. त्यांनी पुन्हा विचारले नाही. तेथे ‘नको’ म्हणजे नको, आणि न बोलणे म्हणजेही नको.

मला आठवले ते आमच्या जिल्ह्यातील नर्सी. संत नामदेवांचे ते जन्मगाव असे परंपरा सांगते. तेथून निघालेला हा शिंपी पंजाबात घुमान येथे जाऊन राहिला. तिकडच्या लोकांनी त्याला इतके आपले मानले की त्याची ६१ पदे गुरु ग्रंथ साहिबात आली. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले तेव्हा आम्ही नर्सीचे शेजारी म्हणून अभिमानाने छाती फुगविली होती. मी शाळेत त्यावर निबंधही लिहावयास दिला होता. परक्यांत जाऊन राहिलेल्याचा आम्हांस मोठा अभिमान. आमच्यात येऊन राहिलेल्याचे मात्र नावही ठाऊक नाही. मी ज्या दिवशी तो निबंध दिला त्या दिवशी मेस्त्री पैनगंगेकडची वाट धरून आले नव्हते खरे, पण दोन वर्षांतच ते समोर राहावयास आले.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही परतलो. बसवाले आजोबा विमानतळावर आले नाहीत. ‘मला असले निरोप जमत नाहीत’ म्हणाले. टोमॅटोंना पाणी घालण्याचे त्यांनी कबूल केले. गावी आल्यावर मी त्याच दिवशी समोर जाईन, असे विमानात ठरविले होते. परंतु खोटे कशाला सांगू, गेलो नाही. घर सहा महिने बंद होते, झाडलोट होती, भेटावयास येणारे होते, आणि सात वर्षांनंतर कोणत्या तोंडाने नाव विचारावे हाही प्रश्न होता.

१० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा धक्का बसला. तो ४.५ तीव्रतेचा होता, केंद्र आमच्याच तालुक्यात रामेश्वर तांड्याकडे. हिंगोली, नांदेड, परभणी सगळीकडे जाणवला. आम्ही गल्लीत आलो. समोरून मेस्त्री, त्यांची बायको, मुले बाहेर आली. धाकटा रडत होता. कुटुंबाने त्याला कडेवर घेतले. मेस्त्री आमच्याकडे बघत नव्हते, आमच्या घराकडे बघत होते. ‘गुरुजी,’ ते म्हणाले, ‘ती भिंत मी मार्चपासून बघतोय. तुम्ही नव्हता, म्हणून आतून बघता आली नाही. आत येऊ का?’

मी म्हणालो, ‘या.’ आणि मग, त्यांच्या पाठोपाठ माझ्याच घरात शिरताना, ‘मेस्त्री, तुमचं नाव काय हो?’ असे विचारले. त्यांनी वळून पाहिले. त्यांस हसू आले की वाईट वाटले, ते मला कळले नाही. नाव सांगितले. गाव निर्मळच्या बाजूस.

भिंतीला त्यांनी टेकू दिला, पोट काढलेला भाग उतरवून पुन्हा रचला. पंधरा दिवस काम चालले. मजुरी त्यांनी घेतली आणि मी दिली. त्यात कोणी उपकार केले नाहीत. परंतु त्या पंधरा दिवसांत दुपारचा चहा ओसरीच्या आत, जोत्यावर बसून होऊ लागला. एके दिवशी त्यांच्या बायकोने कुटुंबाला निरोप पाठविला: ‘काकू, गुरुजींना घेऊन या.’ तांदळाच्या पिठात हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, तीळ, कढीलिंब घालून खोलगट भांड्यात थापून भाजलेली ‘सर्वपिंडी’ तिने केली होती. मी पाटावर बसलो. जन्मात प्रथमच त्या प्रकारच्या घरात जेवावयास बसलो होतो, आणि अडुसष्टाव्या वर्षापर्यंत घेतलेला काळजीचा घोट गिळण्यास अंमळ वेळ लागला हे कबूल करतो. कुटुंबाने पहिला घास घेऊन सांगितले, ‘अगं, हे तर आपलं थालीपीठच की!’ मग त्या दोघींचे तेल कधी सोडावयाचे यावर बोलणे चालले. मला त्यात कोणी विचारले नाही.

थोरला मुलगा संध्याकाळी गणिते घेऊन येऊ लागला. चेंडू रस्त्यातच खेळतो. मी आता रागे भरत नाही, मात्र खिडकीवर लक्ष ठेवतो.

रविवारी नातवाने फोनवरून बसवाले आजोबांचा चेहरा दाखविला. टोमॅटो लागले होते, त्यांनी एक उचलून दाखविला. त्यांनी काही विचारण्यापूर्वीच मी नाव आणि गाव सांगितले. ते दोनदा उच्चारण्याचा त्यांनी प्रयत्न केला, दोन्ही वेळा चुकले.

मेस्त्रींस दिवाळीनंतर निर्मळकडे मोठे काम मिळाले. सात वर्षे समोर राहून आमच्या वाट्याला त्यांतले चार महिने आले. जाताना सामान टेम्पोत भरले, शिडी काही मावली नाही. ‘असू द्या गुरुजी तुमच्याकडे, नेतो कधीतरी,’ असे म्हणाले. ती आमच्या ओसरीत, नव्या भिंतीला टेकवून ठेवली आहे. समोरच्या खोल्यांत अद्याप कोणी आलेले नाही.